वासाचा हक

पाचवीच्या वर्गाला मी दरवर्षी एक गोष्ट सांगते. एक गरीब मुसाफिर बाजारात कबाबवाल्याच्या शेगडीजवळ थांबतो. झोळीत कोरडी भाकर आहे, खिशात पैसा नाही. तो ती भाकर शेगडीवरून उठणाऱ्या धुरात धरतो आणि त्या वासाबरोबर खातो. कबाबवाला त्याला पकडतो आणि म्हणतो, "माझ्या कबाबाचा वास घेतलास, त्याचे दाम टाक." प्रकरण काझीपुढे जाते. काझी असतो मुल्ला नसरुद्दीन. तो दोन नाणी काढून कबाबवाल्याच्या कानाशी खुळखुळवतो आणि निवाडा देतो की वासाची किंमत आवाजाने चुकती झाली. ही गोष्ट अनेक देशांत, अनेक नावांनी सांगितली जाते. मुले हसतात. मीही हसते आणि फळ्यावर 'अद्ल' हा शब्द लिहून न्याय म्हणजे काय ते समजावते.

काही वर्षांपूर्वी शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, "टीचर, मगर उस आदमी को कबाब मिला क्या?"

मला उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे ही गोष्ट सांगत होते, पण हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. काझीने निवाडा दिला, कबाबवाल्याची फजिती झाली, लोक हसत घरी गेले, आणि मुसाफिर आला तसाच कोरड्या भाकरीनिशी पुढे गेला. वास घेणारा देणेकरी नाही, एवढेच त्या गोष्टीने सिद्ध केले. ज्याच्या चुलीतून वास निघाला तो कोणाचे काही देणे लागतो का, हे तिने विचारलेच नाही. त्या मुलाने विचारले. आणि ज्या दिवशी त्याने ते विचारले, त्या दिवशी मला माझ्या आजोळच्या बागेतली एक संध्याकाळ आठवली. ती आठवण मी तोवर कोणाला सांगितली नव्हती.

माझे आजोळ दापोली तालुक्यात, खाडीच्या काठी. मे महिन्यात मुंबईची सगळी मंडळी तिथे जमतात. उन्हाळ्यात कोकणातले घर तापलेले असते, कौलांखाली जीव घुसमटतो, आणि म्हणून दिवस कलला की अवघे घर बागेत येते. तिथे एक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी रांधणे बाहेर. जांभ्याचे तीन चिरे मांडायचे, वाळलेल्या झावळ्या आणि नारळाची सोडणे पेटवायची, वर मोठा टोप चढवायचा. सकाळी ओहोटीला खाडीत उतरून बायका-मुली तिसऱ्या वेचून आणतात. नानी त्या दोन-तीन पाण्यांत धुऊन त्यांची रेती काढायची. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या थेट निखाऱ्यावर भाजायच्या, काळपट झाल्या की पाट्यावर वाटायच्या. तिसऱ्यांत आंबटपणाला कैरीच्या फोडी. दुसऱ्या चुलीवर गावठी कोंबड्याचा रस्सा. तांदळाच्या भाकऱ्या. राखेत पुरलेल्या फणसाच्या आठळ्या मुलांसाठी, आणि माठाच्या पाण्यात कालवलेले रातांब्याचे सरबत सगळ्यांसाठी.

जे काही पानात येते ते बहुतेक हाकेच्या अंतरावरून आलेले असते. मुंबईच्या घरी मी हाच मसाला घालते, पण चव तशी येत नाही. पूर्वी मला वाटे की हा धुराचा गुण आहे. आता वाटते, त्यात दिवसभराच्या खटपटीचाही भाग असावा. चिखलातून वेचलेली शिंपली, मुलांनी गोळा केलेल्या काटक्या, तोंडाला लागलेली राख, वाट पाहण्याची भूक. गॅसवर शिजलेले अन्न आपण खातो. बाहेरच्या चुलीवरचे अन्न शिजताना आपण पाहत बसतो, आणि त्या पाहत बसण्यानेच निम्मे सुख होते.

हे सुख वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. आपल्यात काही लोक प्रत्येक आनंदाकडे संशयाने बघतात. सूरह अल-आराफमध्ये खाण्यापिण्याची मोकळीक देताना फक्त उधळपट्टीला मनाई केली आहे, आणि लगेच पुढच्या आयतीत, अल्लाहने आपल्या बंद्यांसाठी निर्माण केलेल्या शोभेच्या आणि उत्तम वस्तू हराम ठरवणारा कोण, असा सवाल केला आहे. म्हणजे कैरी घातलेल्या तिसऱ्या खाऊन तृप्त होणे हा शुक्राचाच एक प्रकार आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. या सुखात वाटेकरी कोण? आणि वाटेकरी कोण हे ठरवायचे कोणी?

आता ती संध्याकाळ सांगते. २०१७ सालचा मे महिना. आमची हापूसची कलमे मामूने त्या वर्षी कराराने एका व्यापाऱ्याला दिली होती. राखणीला त्याने एक नेपाळी माणूस ठेवला होता. रत्नागिरीच्या बागांतून राखणीची आणि आंबे उतरवण्याची कामे करणारे नेपाळी मजूर आता सगळीकडे दिसतात. तो, त्याची बायको आणि सहा-सात वर्षांची मुलगी बागेच्या पूर्वेच्या टोकाला खोपटात राहत. दिवसभर माकडे हाकणे, रात्री बॅटरी घेऊन फिरणे, पहाटे झेल्याने आंबे उतरवणे, पेट्या भरणे. त्या पेट्या वाशीच्या बाजाराला जात. ज्या आंब्याचे देठ त्याच्या बोटांनी मोजलेले, तो आंबा त्याच्या मुलीच्या तोंडी लागायचा तो डागी निघाला तरच.

आम्ही तेवीस माणसे होतो. चार कोंबडे. वाढायचे काम माझ्याकडे होते, आणि वाढणाऱ्या बाईच्या डोक्यात काय चाललेले असते ते प्रत्येक बाईला ठाऊक आहे. मुंबईचे पाहुणे आधी, लहान मुले मग, आम्ही शेवटी. मी मनातल्या मनात फोडी मोजत होते. टोपाचे झाकण काढले, वाफेचा लोट उठला, आणि खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याने तो पूर्वेकडे नेला. आमच्या उर्दूच्या भूगोलात या वाऱ्याला नसीम-ए-बहरी म्हणतात, मराठीत खारे वारे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला आत येते. वर्गात मी हे आकृती काढून शिकवते. त्या दिवशी त्याच वाऱ्याने आमच्या रश्श्याचा वास खोपटाच्या दारात नेऊन पोचवला.

थोड्या वेळाने ती मुलगी आली. जवळ आली नाही. एका कलमाच्या बुंध्याला हात लावून उभी राहिली आणि टोपाकडे बघू लागली. मी तिला पाहिले. फोडी पुन्हा मोजल्या. मग गोड आवाजात म्हणाले, "जा बेटी, घर जा, मम्मी बुला रही है."

तिची आई तिला बोलावत नव्हती. मी शिक्षिका आहे, खोटे बोलू नका असे मुलांना रोज सांगते. मूल खोटे लगेच ओळखते. ती काही न बोलता वळली आणि गेली.

नानी बाजेवर बसली होती. तिला कमी दिसायचे, पण ऐकू सगळे यायचे. तिने मला जवळ बोलावले आणि हळूच म्हणाली, "पोरी, झाकण उघडलेस तेव्हाच तिला बोलावणे गेले. आता परत कसे पाठवतेस?"

मला लाज वाटली. घाईघाईने ताट भरले, नानीच्या वाटणीची फोड त्यात घातली आणि मामूच्या मुलाच्या हाती खोपटाकडे पाठवले. पाच मिनिटांत ताट परत आले, जसेच्या तसे. निरोप होता, "हम लोग खा चुके हैं, दीदी को शुक्रिया बोलना." त्या निरोपात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

त्या रात्री मला झोप आली नाही. पाणी प्यायला उठले आणि ओसरीवरून बागेकडे पाहिले तर खोपटाबाहेर विस्तव दिसला. सकाळी फिरत फिरत तिकडे गेले. तिथे जांभ्याचे तीन चिरे मांडलेले होते. अगदी आमच्यासारखेच. वर एक काळे पातेले. तेव्हा माझ्या ध्यानात आले की ही बाई रोज बाहेरच रांधते. तिला स्वयंपाकघर नाही. आमची वर्षातून एका दिवसाची हौस ही तिची रोजची सक्ती होती. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली, आमच्या वाडीत बऱ्याच घरांत सिलेंडर आले, आणि चुलीचा धूर ही आमच्यासाठी आठवणीची, आवडीची गोष्ट होऊ लागली. माझ्या अम्मीला मात्र चुलीचे कौतुक कधीच नव्हते. तिने तरुणपणी ओल्या लाकडांपुढे डोळे चोळत इतकी वर्षे काढली होती की बागेतल्या त्या दिवशी ती चुलीकडे पाठ करून बसायची. पुरुष मंडळी टोप ढवळत "अशी चव घरात येत नाही" म्हणू लागली की ती नुसती हसायची.

चुलीच्या धगीचा हक काय असतो, याविषयी पैगंबरसाहेबांची (स.) एक शिकवण बुखारी शरीफमध्ये आहे. तिचा आशय असा की सेवकाने तुमचे अन्न शिजवून आणले तर त्याला आपल्याबरोबर बसवा, आणि बसवणार नसाल तर निदान एक-दोन घास तरी त्याच्या हाती द्या, कारण त्याची धग आणि त्याचे कष्ट त्याने सोसले आहेत. यात क्रम पाहण्यासारखा आहे. बसवणे आधी. हातावर घास ठेवणे ही किमान मर्यादा. आपण मात्र किमान मर्यादेलाच दानत समजून बसलो आहोत. मी पाठवलेले ताट हे हातावरच्या घासासारखे होते, आणि तेही हाकलून दिल्यानंतर पाठवलेले. त्या बाईने ते परत केले यात तिचा काही दोष नाही. आधी हक नाकारायचा आणि मग त्याच वस्तूची खैरात करायची, हे स्वाभिमानी माणूस कसे स्वीकारील? सूरह अद-दहरमध्ये गरिबाला, अनाथाला आणि कैद्याला जेवू घालणाऱ्यांचे जे वर्णन आले आहे, त्यात ते मोबदलाही मागत नाहीत आणि आभारही मागत नाहीत. मला तर त्या ताटाच्या बदल्यात माझ्या मनाची शांती हवी होती. म्हणजे तो सौदाच होता.

आता वासाकडे वळते. रस्सा शिजवाल तर पाणी थोडे वाढवा आणि शेजाऱ्याची आठवण ठेवा, ही शिकवण हजरत अबू जर (र.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आली आहे आणि ती आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते. इमाम गझाली (१०५८–११११) यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात शेजाऱ्याच्या हकांविषयी लिहिताना आणखी एक रिवायत दिली आहे. तिचा आशय असा की आपल्या हंडीच्या वासाने शेजाऱ्याला त्रास देऊ नका, द्यायचाच असेल तर त्याला त्यातले वाढा. फळे विकत आणलीत तर त्याला द्या, देता येत नसतील तर झाकून आत न्या, आणि आपल्या मुलाला ते फळ घेऊन बाहेर पाठवू नका, नाहीतर त्याच्या मुलाचे मन दुखेल. मुहद्दिसांनी या रिवायतीची सनद कमकुवत मानली आहे, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. पण तिच्यातला विचार कुराण आणि सहीह हदीसच्या शिकवणुकीला धरून आहे, आणि माणसाच्या मनाची इतकी बारीक जाण मला फार थोड्या ठिकाणी आढळली आहे. इथे शेजारी उपाशी असण्याची अटसुद्धा नाही. फळ पाहणारे मूल भुकेलेले असेलच असे नाही. ती नेपाळी मुलगीही उपाशी नव्हती, तिच्या घरी डाळभात शिजलेला असणार. प्रश्न पोटाचा नव्हताच. आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या नाकासमोर एक सुख चालले आहे आणि आपण त्याच्या बाहेर आहोत, ही ती जाणीव. झकातीच्या हिशेबात ती कुठेच बसत नाही.

या जाणिवेची ओळख आपल्याला वर्षातून एक महिना होते. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी रमजान मेच्या उन्हात आला होता. असरनंतर वाड्यातल्या प्रत्येक घरातून भज्यांचा वास येऊ लागतो तेव्हा वास ही काय चीज आहे ते रोजेदाराला कळते. त्या वेळी आपण सगळेच त्या कलमाच्या बुंध्याला हात लावून उभे असतो. फरक इतकाच की आपल्याला मगरिबच्या अजानची खात्री असते. तिला कोणी वेळ ठरवून दिलेली नव्हती.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो योग्य आहे. जगात इतके उपाशी, इतके वंचित लोक आहेत की प्रत्येकाचा विचार केला तर एक घासही सुखाने घशाखाली उतरणार नाही. मग काय माणसाने आनंद करूच नये? मला वाटते, वासाने स्वतःच याचे उत्तर दिले आहे. वास सगळ्या जगात जात नाही. वारा नेईल तिथवर जातो. सगळ्या जगाच्या भुकेसाठी झकात आहे, सदका आहे, सरकार आहे, सामाजिक कार्य आहे, आणि त्या जबाबदाऱ्या कमी होत नाहीत. पण त्या जबाबदाऱ्यांना चेहरा नसतो, म्हणून त्या उद्यावर ढकलता येतात. वासाचा हक छोटा आहे, पण तो नेमका आहे. तो एका खोपटापर्यंत, एका मुलीपर्यंत पोचतो आणि आजच्या आज मागणी करतो. अशी छोटी, नेमकी मागणी टाळून मोठ्या मोठ्या करुणेच्या गोष्टी करणे सोपे आहे. मी स्वतः त्या सुमारास शाळेत 'पडोसी के हुकूक' या विषयावर मुलांकडून निबंध लिहून घेतले होते.

हल्ली वाऱ्याचीही मर्यादा उरली नाही. बागेतल्या टोपाचा फोटो आपण मोबाईलवरून शेकडो लोकांना पाठवतो. २०२० च्या टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले होते आणि त्याच दिवसांत आमच्या गटांवर रोज नव्या पदार्थांचे फोटो येत होते. मीही टाकले. गझालींच्या काळात मुलाच्या हातातले फळ गल्लीपुरते दिसत असे. फळ झाकून आत नेण्याची ती जुनी सूचना आज अधिक लागू पडते असे मला वाटते.

वासाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. एकाला जो वास बोलावणे वाटतो तो दुसऱ्याला त्रास वाटू शकतो. नानीच्या शेजारी एक ब्राह्मण कुटुंब राहत असे. त्यांच्याकडे पूजा असेल त्या दिवशी नानी मासळी करत नसे, आणि बागेतली चूल नेहमी त्यांच्या कुंपणापासून लांब, खाडीच्या अंगाला मांडायला लावायची. टोपातले त्यांना देता येत नसे म्हणून त्यांच्या घरी रायवळ आंब्यांची टोपली आणि रातांबे जात. त्यांच्याकडून फणसाचे गरे येत. वाटा द्यायला प्रत्येक वेळी टोपच लागतो असे नाही. समोरच्याला काय चालते हे आधी विचारणे, हाही वाट्याचाच भाग आहे.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुंबईत भाड्याचे घर शोधताना 'नॉनव्हेज चालणार नाही' हे वाक्य माझ्या वाचकांपैकी अनेकांनी ऐकले असेल. त्यात कधी खरोखर वासाची अडचण असते आणि कधी वासाच्या आडून माणसालाच नकार असतो. शेजाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मी चूल कुठे मांडावी हा माझा विचार आहे, तो मी आनंदाने करीन. मी कुठे राहावे हे माझ्या चुलीवरून दुसऱ्याने ठरवणे ही वेगळी गोष्ट आहे. एक हक मी देते, दुसरा माझ्याकडून काढून घेतला जातो. मात्र हे बोलण्याचा अधिकार मला कधी? जेव्हा माझ्या स्वतःच्या दारातून मी कोणाला "घर जा" म्हटलेले नसेल तेव्हा. दाराबाहेर उभे राहण्याचा अनुभव ज्या समाजाला आहे, त्याच्या दारात तरी कोणी असे उभे राहू नये. त्या संध्याकाळी मी हेच विसरले होते.

पुढच्या वर्षी, २०१८ च्या मेच्या पहिल्या आठवड्यात, रमजानच्या आधी आम्ही पुन्हा जमलो. नेपाळी कुटुंब तेच होते. या वेळी मी आदल्या दिवशीच खोपटाकडे गेले. ताट पाठवण्याची चूक पुन्हा करायची नव्हती. तिला म्हणाले, "उद्या बागेत रांधणार आहोत. तुम्ही काय खाता, काय खात नाही ते सांगा. आणि मला एकटीला जमणार नाही, हाताला या." ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मागच्या वर्षीचे तिलाही आठवत असणार. मी माफी मागितली. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिघेही आले. कोंबडा चालतो, मासळी चालते, तिखट जास्त चालते, असे कळले.

त्या दिवशी बांगड्याचे तिखले करायचे होते. मी वाळलेल्या तिरफळांची पुडी सोडली. तिने एक तिरफळ उचलले, बोटांत चुरडले, नाकाशी नेले आणि एकदम म्हणाली, "टिमुर!" मग हसून मान हलवली. अगदी तेच नव्हे, पण जवळचे. नंतर मी माहिती काढली तेव्हा कळले की नेपाळातले टिमुर आणि आमचे तिरफळ ही एकाच कुळीची, चुलत भावंडे असावीत अशी झाडे आहेत. तिने टोमॅटो निखाऱ्यावर भाजले, साल काढून नानीच्या पाट्यावर मिरची आणि मीठ घालून वाटले, त्यात आमची तिरफळे चुरडून घातली. तिच्या गावाकडे असे करतात. ती चटणी तांदळाच्या भाकरीबरोबर तेवीस माणसांनी बोटे चाटून खाल्ली. मुंबईच्या पाहुण्यांनी कृती लिहून घेतली.

त्या वेळी माझ्या मनात आले की मागच्या वर्षी ती वासाच्या त्या बाजूला होती आणि आज तिच्या हातून निघालेल्या वासाला आम्ही जमलो आहोत. तिला किती महिन्यांनी आपल्या गावाचा वास आला असेल! मागच्या वर्षी मी तिची मुलगी परत पाठवली तेव्हा तिच्याजवळ आम्हाला देण्यासारखे काही असेल, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. दान देणारा बहुधा हेच विसरतो. चुलीपाशी बसवले तरच ते कळते.

यातून मी काही मोठी झाले असे कोणी समजू नये. पुढच्या हंगामात ते कुटुंब दुसऱ्या बागेवर गेले, आणि त्या मुलीला माझे पहिले वाक्य आठवते की शेवटचे जेवण, हे मला कधी कळणार नाही. मुलांना काय आठवते यावर मोठ्यांचा ताबा नसतो. शिक्षकाला तर हे चांगलेच ठाऊक असते.

नानी २०२१ मध्ये गेली. आता त्या दिवशीचे तांदूळ मोजण्याचे काम माझ्याकडे आले आहे. लहानपणी मला एक कोडे पडायचे. चूल आधी पेटवायची नानीची पद्धत होती. धूर निघाला की डोळ्यांवर हात धरून तो कुठे जातो ते ती पाहत बसायची, आणि मग तांदूळ मोजायला घ्यायची. मला वाटे, म्हातारीला धुराचा त्रास होतो म्हणून ती बाजू बदलते आहे. डोळे अधू झाल्यावर ती आम्हाला विचारायची, "धूर कुठे चाललाय गं?" आम्ही सांगायचो, ती एखादे माप वाढवायची, आणि आम्ही त्याचा संबंध कधीच लावला नाही.

त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. म्हटले, "नाही बेटा, गोष्टीत त्याला कबाब मिळाला नाही." तो म्हणाला, "फिर काझी ने आधा ही इन्साफ किया." मी फळ्यावरच्या 'अद्ल' या शब्दाशेजारी 'एहसान' हा शब्द लिहिला आणि कुराणात हे दोन शब्द एकाच आयतीत, एकापाठोपाठ आले आहेत हे वर्गाला सांगितले. आता ही गोष्ट मी दरवर्षी तिथपर्यंत सांगते.